राजेंचं कोरं पान

९ जून

वन्सं,

नमस्कार करून लगेच मुद्द्यावर येते. मुलं झोपली आहेत, आणि ती किती वेळ झोपतील याची खात्री त्यांनाही नसते.

काल संध्याकाळी बँकेतल्या बाई दारात उभ्या राहून माझ्यावर ओरडल्या. त्यांच्या मुलीच्या गालावर ओरखडा आहे, तो कुणी काढला, कधी काढला, तेव्हा मी कुठे होते. मला सांगता येईना. पाळणाघरात आठ मुलं आहेत. ओरखडा सकाळी येतानाच होता की माझ्याकडे उमटला, कोण जाणे. मी म्हटलं, मांजराने काढला असेल. आमच्याकडे मांजर नाही हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी आवाज चढवला आणि वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली.

तुमचे दादा म्हणाले, पाळणाघर बंद कर आणि कुत्री सांभाळ, त्यांचे आईबाप तरी संध्याकाळी न्यायला येत नाहीत.

एरवी मी हे इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पण पुढच्या महिन्यात भाचा बदली होऊन इथे येतोय आणि तुमचा नातू दिवसभर माझ्याकडे असणार. परक्याच्या पोराला लागलं तर परका ओरडतो आणि विसरतो. तुम्ही ओरडणार नाही. तुम्ही पत्र लिहाल. मला त्याचीच जास्त धास्ती आहे.

तुम्ही एवढी वर्षं कारखान्यात अपघातांच्या नोंदी ठेवल्यात. मला आठ मुलं आणि मागच्या दारच्या तीन पायऱ्या कशा सांभाळायच्या ते सांगा. मुलं अंगणात त्याच पायऱ्यांवरून उतरतात आणि घरातली निम्मी रडारड तिथेच होते.

वहिनी

१६ जून

वहिनी,

फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर बोललेल्याचा पुरावा उरत नाही.

ओरखडे पडणारच. अडचण ओरखड्याची नाही. तुझ्या घरात काय झालं ते बँकेतल्या बाईंना ठाऊक नव्हतं आणि तुलाही ठाऊक नव्हतं, ही अडचण आहे. आमच्याकडे बोट कापलं की कामगार आधी माझ्या टेबलाशी येई, मग दवाखान्यात जाई. लोक मला त्यावरून नावं ठेवत. पण ज्या बोटाची नोंद झाली त्यावरून पुढे कधी भांडण झालं नाही.

एक जाड वही घे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पान. रकाने असे: तारीख, वेळ, जागा, मूल काय करत होतं, कुठे लागलं, काय उपचार केला, जवळ कोण होतं, पालकाची सही. सकाळी मूल आत घेताना दारातच त्याला नीट बघ आणि घरून आणलेलं आधी लिहून घे.

जे पाहिलंस तेवढंच लिही. अंदाज नको. म्हणूनच कारणाचा रकाना ठेवलेला नाही. कारण विचारलं की लोक गोष्टी रचतात. दुसऱ्या मुलाचं नाव येता कामा नये. टोपणनावं नकोत. 'जरासं', 'बिचारा', 'थोडक्यात वाचला' हे शब्द नकोत. कडेवर घेतलं, फुंकर घातली, असलं उपचाराच्या रकान्यात लिहू नकोस. फुंकर उपचारात मोडत नाही.

नातवाच्या पानाची नक्कल मला दर पंधरवड्याला पाठव. इतरांची नको. हे मी आजी म्हणून मागत नाही. पद्धत नीट बसली की नाही हे कुठल्या तरी एका पानावरून तपासावं लागतं, एवढंच.

नणंद

१० जुलै

वन्सं,

वहीने जादू केली. सोमवारी बँकेतल्या बाईंची मुलगी खरचटलेला गुडघा घेऊनच आली. मी दारातच लिहून घेतलं आणि वही त्यांच्यापुढे सहीला धरली. त्यांनी ते दोनदा वाचलं. तेव्हापासून माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

बसचालकाचा मुलगा सगळ्यात जास्त पडतो. आम्ही त्याला मोटार म्हणतो. वहीत खरं नाव आहे. त्याचा बाप संध्याकाळी निकाल बघावा तसं पान बघतो आणि म्हणतो, "आज दोनच?" एक मुलगी सगळ्यांना चावते. तिचं नाव चावरी पडलं आहे. तिच्या स्वतःच्या पानावर काहीच नसतं, इतरांच्या पानांवर तिचेच दात असतात, आणि दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही या तुमच्या नियमाने तिचं चांगलंच फावलं आहे.

तुमचा नातू रुळला. आमच्या मदतनीस बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला राजे हे नाव ठेवलं, कारण तो दारातून आत आला आणि आपले बूट काढायला कोण येतंय याची वाट पाहत उभा राहिला. त्याच्या पानावर पहिली नोंद झाली आहे. नक्कल अशी:

८ जुलै. सकाळी साडेदहा. मागच्या पायऱ्या, शेवटची. चेंडूमागे उतरत होता. कपाळावर उजवीकडे टेंगूळ. थंड पाण्याची पट्टी ठेवली, फुंकर घातली. जवळ मी. सही भाच्याची.

रडण्याला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते. रडला नाही. उठला आणि चेंडूमागे गेला.

वहिनी

१५ जुलै

वहिनी,

नोंद मिळाली. पुढील खुलासे कर.

१. शेवटची पायरी वरून की खालून?
२. चेंडू कुणी टाकला होता? (नाव नको.)
३. 'जवळ मी' म्हणजे किती जवळ? हात पोचेल इतकं? पोचत होता तर पोचला का नाही?
४. टेंगूळ केवढं? वाटाण्याएवढं की लिंबाएवढं?
५. रडला नाही हे चांगलं लक्षण आहे असं तू कशावरून धरलंस?

फुंकर खोड.

पुन्हा सांगते, हे मी आजी म्हणून विचारत नाही. इतक्या वर्षांत कुठलीही नोंद खुलाशाशिवाय माझ्या टेबलावरून पुढे गेलेली नाही. पत्र आलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. सूनबाईशी मी या विषयावर बोललेले नाही. ती घाबरट आहे.

नणंद

२८ जुलै

वन्सं,

१. वरून. २. एका मुलाने. ३. मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. हात पोचला असता. हातात वाटाणे होते. ४. त्यामुळे मापाची सोय झाली. वाटाण्याएवढं. ५. चेंडू मिळाला होता, यावरून.

फुंकर खोडली आहे.

राजेंच्या पानामुळे यापुढे तुमचं जेवण अडणार नाही, एवढं मी बघेन. पंधरवड्याची नक्कल सोबत. तिच्यावर काही नाही.

वहिनी

५ नोव्हेंबर

वहिनी,

तुझ्या नकला वेळेवर येतात. आठ जुलैनंतर एकही नोंद नाही. मी त्या तारखेप्रमाणे फाइलला लावते. शेजारीण विचारते, कोरे कागद कशाला जपून ठेवता. तिला कधी नोकरी करावी लागली नाही.

आमच्या कारखान्याच्या फाटकावर एक फळा होता: अपघाताशिवाय गेलेले दिवस. रोज सकाळी आकडा मी बदलायची. पाऊस असो, संप असो, तो आकडा एकाने वाढवताना हात कसा हलका होई. तुझं पाकीट उघडताना तसंच वाटतं.

इतक्या लहान वयात इतकं जपून चालणारं मूल मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात पाय भक्कमच. तुझ्या नवऱ्याकडे बघ, या वयातही शिडीवर चढतो. सूनबाईच्या माहेरी एक काका लंगडत चालायचे असं ऐकते, म्हणून मला मनातून थोडी काळजी होती. आता नाही.

राजेंसाठी तू जे करतेस तेच इतरांनाही लाव. मोटारच्या बापाला सांग, दोन हे दोनच असतात, कमी नसतात.

टोपणनाव फक्त पत्रात वापरलं आहे.

नणंद

२० नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मी मदतनीस बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांना तेच लावायचं तर माणसाला आठ हात लागतील. मी विषय बदलला.

राजे मजेत आहेत. सकाळी बाकीची पोरं अंगणात पळाली की राजे वरच्या पायरीवर माझ्याशेजारी बसतात. एक हात माझ्या हातात. तिथून सगळं अंगण दिसतं. मी एका हाताने भाजी निवडायला शिकले. दुपारनंतर हीच जागा मदतनीस बाई घेतात.

बोलणं तर इतकं स्वच्छ की ऐकत राहावं. अंगणात काही झालं की मला बघावंही लागत नाही. राजे सांगतात, "मामीआजी, मोटार पडला. लिहा." कुठे, ते सांगतात. काय करत होता, ते सांगतात. परवा म्हणाले, "गुडघा. डावा. जरासं," आणि लगेच, "जरासं नको." हा मुलगा मोठेपणी तुमच्याच खात्यात जाणार.

चेंडू त्यांच्याकडे आला तर ते तो उचलून चावरीला देतात. चावरी राजेंना चावत नाही. बहुधा नोंद होईल हे तिला कळतं.

नक्कल सोबत.

वहिनी

११ जानेवारी

वहिनी,

नातवाला शाळेत घालण्याआधी तिथे मुलांना बघतात. बोलण्यात तो सगळ्यांत पुढे होता. बाईंनी चित्र दाखवून विचारलं, मुलगा काय करतोय, तर म्हणाला, पडतोय, तारीख सांगा. बाई हसल्या.

मग त्यांनी त्याला तीन लाकडी पायऱ्यांवर चढवलं आणि खाली ये म्हणाल्या. तो वर उभा राहिला. हात पुढे केला आणि वाट पाहत राहिला. कुणी हात धरला नाही. तो तसाच उभा. शेवटी त्याला उचलून खाली घेतलं. जागच्या जागी उडी मारायला सांगितली, तीही मारली नाही.

शाळेने मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी गुडघे तपासले, पाठ दाबून पाहिली, डोळे पाहिले. बाळ आधी पायऱ्या उतरत होतं का, असं विचारलं. सूनबाई हो म्हणाली. त्यांच्या इमारतीत लिफ्ट आहे, त्यामुळे उतरणं कधी बंद झालं ते तिला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, न येणं वेगळं आणि येत असलेलं जाणं वेगळं. दोन फेब्रुवारीला त्याला भूल देऊन पाठीचा मशीनमधला फोटो (एमआरआय) काढायचा ठरलं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला भूल.

सूनबाई रडते आहे. मी तिला काकांबद्दल विचारलं. तिला तो प्रश्न आवडला नाही. ते काका म्हणे सायकलवरून पडले होते.

तुझ्याकडे तो दिवसाचे नऊ तास असतो. तो कसा चालतो? कसा उतरतो? जे पाहिलंस तेवढंच लिही. अंदाज नको. उलट टपाली.

नणंद

१७ जानेवारी

वन्सं,

जे पाहिलं तेवढंच लिहिते.

राजे सपाट जमिनीवर नीट चालतात. हात धरून चालतात. दुपारपर्यंत माझा, नंतर मदतनीस बाईंचा. पायऱ्या उतरताना मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांना उचलून खाली नेतात आणि उचलून वर आणतात. अंगणात ते खुर्चीवर बसतात. पळताना पाहिलेलं नाही. उडी मारताना पाहिलेलं नाही. मोटार त्यांच्या बाजूने पळत आला तर आम्ही दोघींपैकी एक मध्ये उभी राहते.

हे असं तुमचं पंधरा जुलैचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आहे.

त्याआधी ते उतरत होते. आठ जुलैला चेंडूमागे उतरले, पडले, उठले, चेंडू आणला. ती नोंद तुमच्याकडे आहे.

पान कोरं राहावं म्हणून केलं, हे मी लिहिणार नव्हते. तुम्ही कारणाचा रकाना ठेवलेला नाही. पण आता त्यांना भूल देणार आहेत, म्हणून रकान्याबाहेर लिहिते. त्यांच्या पायांत काही दोष आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. सहा महिन्यांत ते पाय कुणी वापरलेले मी बघितले नाहीत.

हे पत्र भाच्याला दाखवा. डॉक्टरांनाही दाखवा. माझं पाळणाघर राहो की जावो.

वहिनी

२४ जानेवारी

वहिनी,

तुझ्या भाच्याने तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टर हसले म्हणे. मला हसू आलेलं नाही.

ते म्हणाले, एक महिना थांबू. तेवढ्या काळात तो कुणाच्या आधाराशिवाय पायऱ्या उतरला तर फोटो नको, भूल नको. नाही उतरला तर फोटोची नवी तारीख. चिठ्ठीवर औषधासारखं लिहून दिलं आहे: हात धरू नये. दिवसातून तीन वेळा.

आता फळ्याबद्दल. आकडा मोठा झाला की मालकाकडून सगळ्यांना एकेक टॉवेल मिळायचा. असाच एकदा टॉवेल जवळ आला असताना एक फिटर जेवणाच्या सुट्टीत डाव्या हाताने जेवताना दिसला. उजवा हात खिशात. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाई, सवय करतोय." खिसा बाहेरून लाल झाला होता. त्याच्या टेबलावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती. मी वरिष्ठांना लेखी कळवलं, की ज्या महिन्यात नोंद नसते त्या महिन्यात जास्त लक्ष द्यावं आणि फळा काढून टाकावा. शेरा आला: पाहिले. फळा तिथेच राहिला आणि आकडा मीच बदलत राहिले.

नोव्हेंबरमध्ये तुला फळ्याबद्दल लिहिताना मला फिटर आठवला नाही.

सूनबाईला मी फोन केला. काकांचा विषय मागे घेतला. फोनवरच, पुरावा नाही, पण तिला चालेल असं वाटतं.

हात सोड. आणि नोंद ठेव. रोज किती वेळा पडला ते कळव. कमीत कमी किती पडणं अपेक्षित आहे ते चिठ्ठीत नाही, विचारून कळवते.

नणंद

८ फेब्रुवारी

वन्सं,

पडण्याची संख्या: शून्य. मला माफ करा.

पहिल्या दिवशी मी हात मागे घेतला तर राजेंनी मदतनीस बाईंकडे हात केला. त्यांचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं आणि मधलं दार लावून घेतलं. राजे वरच्या पायरीवर बसून राहिले. खाली पोरांचा गोंधळ, वर हे एकटे. मी हाताची घडी घालून उभी. वाटाणे सोलणंसुद्धा याहून सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मामीआजी, आधी वहीत लिहा, मग पडतो."

मी वही आणली. त्यांनी तारीख सांगितली, वेळ मला घड्याळात बघायला लावली, जागा सांगितली. 'काय करत होतं' याला म्हणाले, "पडत होतं." कुठे लागलं, असं विचारलं तेव्हा बराच विचार केला आणि म्हणाले, "अजून ठरलं नाही." मग उठून घरात गेले. ती नोंद अर्धवट आहे. खोडू का ठेवू?

काल चावरी त्यांच्याशेजारी येऊन बसली. बसल्या बसल्या घसरत एक पायरी खाली गेली आणि वर बघून म्हणाली, "बसून पडलं की मोजत नाहीत." राजेंनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बुडावर एक पायरी उतरले. मग दुसरी. पँटची वाट लागली. अंगणात उभे राहिले आणि लगेच वर येण्यासाठी हात पुढे केला. मी पाठ फिरवली. वळून बघते तर चार पायांवर चढत होते.

डॉक्टरांच्या दृष्टीने हे उतरणं धरतात का?

भाचा रोज संध्याकाळी पान बघतो आणि सही करतो. कोऱ्या पानावर कशाला सही, म्हटलं, तर म्हणाला, आईची सवय.

तुम्ही या. पण हात घरी ठेवून या.

वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

डॉक्टर बसून उतरणं धरत नाहीत. विचारलं.

अर्धवट नोंद खोडू नकोस. मी अशी नोंद आयुष्यात पाहिलेली नाही, पण खोटी नाही.

एकवीसला पोचते.

नणंद

२५ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही परवा सकाळी घाईने निघालात आणि सही राहिली. नोंद सोबत पाठवते. शिवाय तुम्ही जमिनीवर असल्यामुळे काही गोष्टी तुमच्या नजरेतून सुटल्या, त्या लिहिते.

तुम्ही अंगणात खुर्चीवर बसलात, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मदतनीस बाई म्हणाल्या, यांना कुणी तरी बांधून ठेवल्यासारखं वाटतं. राजे वरच्या पायरीवर उभे होते. बसले नव्हते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. चावरीने खालून "ये की रे" म्हणून हाक मारली. राजेंनी एकेकीकडे पाहिलं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ. मग म्हणाले, "कुणी येऊ नका."

तुम्ही इथपर्यंत खुर्चीवर होतात.

त्यांनी तिन्ही पायऱ्या एका उडीत सोडल्या. तुम्ही उठलात, धावलात आणि चेंडूवर पाय पडला. राजे तोवर खाली उभे होते. दोन्ही पायांवर. हात जमिनीला टेकलेसुद्धा नाहीत. आपण काय केलं ते बघायला त्यांनी आधी पायऱ्यांकडे पाहिलं, मग तुमच्याकडे.

मी वही आणायला आत गेले ती त्यांच्या सांगण्यावरून. "मामीआजी, आजी पडली. लिहा." परत आले तेव्हा ते तुमच्या गुडघ्याशी ओठांचा चंबू करून उकिडवे बसले होते. तुमचे डोळे मिटलेले होते, म्हणून सांगते.

त्यानंतर ते दुपारपर्यंत तेवीस वेळा उडी मारून आले. मोटारनेच मोजलं, तेव्हा आकडा कमीजास्त असेल. काल भाचा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासायच्या टेबलावर उभं केलं आणि काही सांगायच्या आत राजे खाली होते. फोटो रद्द. भूल रद्द. डॉक्टर म्हणाले, आता जरा हात धरा.

राजेंच्या पानाची नक्कलही सोबत आहे. अर्धवट नोंद सोडली तर कोरंच आहे. पण आता ते कोरं ठेवणं माझं काम नाही.

तुमचं पान असं:

तारीख २२ फेब्रुवारी. सकाळी अकराच्या सुमारास. घड्याळ बघायचं राहिलं. जागा अंगण, पायऱ्यांसमोर. काय करत होत्या: हात धरायला जात होत्या. कुठे लागलं: उजवा गुडघा, दोन्ही तळवे. उपचार: धुऊन मलम लावलं, फुंकर घातली. जवळ कोण होतं: एक मूल. पालकाची सही:

वहिनी

३ मार्च

वहिनी,

नोंद मिळाली. चेंडू राहिला आहे. तो कुणी टाकला होता? (नाव नको.)

बाकी बरोबर आहे. 'हात धरायला जात होत्या' यात बदल करावा असं दोन दिवस वाटत होतं. केलेला नाही. तू ते पाहिलं आहेस.

गुडघ्याला खपली धरली आहे. शेजारणीने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, पडले. तिने पुढे काही विचारलं नाही. तिला खरंच कधी नोकरी करावी लागलेली नाही.

नकला आता पाठवू नकोस. मागच्या सगळ्या फाइलमधून काढून शेजारणीच्या नातीला चित्रं काढायला दिल्या. एका बाजूने कोऱ्याच होत्या.

पालकाच्या सहीची जागा तू मोकळी सोडलीस. मोकळा रकाना मला चालत नाही. तिथे नातवाकडून एक रेघ ओढून घे.

उपचाराच्या रकान्याबद्दल मी तुला जूनमध्येच लिहिलं होतं. फुंकर उपचारात मोडत नाही. या एका नोंदीत ती खोडू नकोस.

नणंद